जुन्या इंजिनाला थर्मोस्टॅट किती अंशांचा बसवावा?

विचारलेला प्रश्न असा: १९७० च्या दशकातली कार, चार सिलिंडरचं कार्बोरेटरवालं इंजिन, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. मॅन्युअलमध्ये थर्मोस्टॅट ८२ अंशांचा दिलाय, पण उघडून पाहिलं तर आत ८८ चा निघाला. उन्हाळ्यात वाहतुकीत अडकलं की तापमानाचा काटा लाल पट्ट्याजवळ जातो. एका मेकॅनिकने ७१ चा टाकायला सांगितलं, दुसरा म्हणतो काढूनच टाका. कोणाचं ऐकावं?

दोघांचंही ऐकू नका. मॅन्युअलमध्ये दिलाय तो ८२ चा बसवा. पण त्यामुळे वाहतुकीतला काटा खाली येईल अशी अपेक्षा ठेवू नका. तो काटा वर जाण्याचं कारण थर्मोस्टॅटवरच्या आकड्यात नाही, दुसरीकडे आहे, आणि ते वेगळं शोधावं लागेल. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे जुन्या गाड्यांची कितीतरी चांगली इंजिनं वेळेआधी झिजतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थर्मोस्टॅट इंजिनाच्या तापमानाची खालची मर्यादा ठरवतो. वरची मर्यादा ठरवणं त्याच्या हातात नाही. आत काय असतं ते पाहिलं की हे लगेच पटतं. पितळेच्या एका छोट्या डबीत मेण भरलेलं असतं. उष्णता लवकर पसरावी म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळलेली असते. ठरलेल्या तापमानाला मेण वितळायला लागतं, वितळताना फुगतं आणि फुगताना एक बारीक दांडा बाहेर ढकलतं. त्या जोराने झडप स्प्रिंगच्या विरुद्ध उघडते आणि गरम पाणी रेडिएटरकडे जायला लागतं. पाणी थंड झालं की मेण आकसतं, स्प्रिंग झडप पुन्हा बसवते. सगळी करामत एवढीच आहे. एकदा झडप पूर्ण उघडली की थर्मोस्टॅटचं काम संपलं. त्यापुढे तापमान किती चढायचं हे रेडिएटर, पंखा, वॉटर पंप, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवतं.

वर ठोकलेला आकडा म्हणजे झडप उघडायला सुरुवात होते ते तापमान, हेही पक्कं लक्षात ठेवा. पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात. म्हणजे ७१ चा थर्मोस्टॅट साधारण ८३ ला पूर्ण उघडा असतो, ८२ चा ९४ च्या आसपास, ८८ चा १०० च्या आसपास. आता तुमची गाडी वाहतुकीत उभी आहे, पाणी १०५ अंशांवर गेलंय आणि काटा लाल पट्ट्याला टेकायला आलाय असं समजा. त्या क्षणी ७१ चा असता तरी पूर्ण उघडा, ८२ चा असता तरी पूर्ण उघडा आणि आत्ता बसलेला ८८ चाही पूर्ण उघडाच. तिघांतून जाणारं पाणी सारखंच. मग आकडा बदलून काटा खाली कसा येणार?

एक फरक मात्र खरोखर पडतो. मोकळ्या रस्त्यावर ७१ च्या थर्मोस्टॅटने इंजिन थोडं थंड चालत असतं, त्यामुळे वाहतुकीत शिरल्यावर त्याच १०५ अंशांपर्यंत पोचायला त्याला काही मिनिटं जास्त लागतात. कोंडी त्याआधी सुटली तर ‘बघा, ७१ चा टाकला आणि गाडी तापायची थांबली’ असं वाटतं. कोंडी लांबली की तोच काटा तिथेच जाऊन पोचतो. या काही मिनिटांसाठी बाकीचा सगळा वेळ इंजिन थंड चालवणं हा सौदा तोट्याचा आहे.

तोटा कसा, ते नीट समजून घ्या, कारण ‘जितकं थंड तितकं चांगलं’ ही समजूत फार खोल रुतलेली आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. हे पाणी वाफेच्या रूपात असतं आणि बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं. पण थोडीफार वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागात, उतरते, आणि सिलिंडरची भिंत पुरेशी गरम नसेल तर तिथेच तिचे थेंब होतात. पेट्रोलमध्ये गंधक असतं. त्याच्या धुरातून या थेंबांत आम्ल तयार होतं. सिलिंडरच्या वरच्या भागात, जिथे वरची रिंग उलटते, तिथे तेलाचा थर मुळात पातळ. तिथे हे आम्ल बिडाला खातं आणि रिंग तो गंजलेला थर खरवडून नेते. रोज थोडं खायचं, रोज थोडं खरवडायचं. थंड चालणाऱ्या इंजिनाचा बोअर असा झिजतो. नुसत्या घर्षणाने होणाऱ्या झिजेपेक्षा ही झीज कितीतरी वेगाने होते.

त्यात कार्बोरेटरचं इंजिन थंड असताना सगळं पेट्रोल नीट वाफ होऊन जळत नाही. उरलेलं भिंतीवरून खाली ओघळतं, तेल धुऊन काढतं आणि संपमध्ये (तळाच्या तेलाच्या टाकीत) जाऊन तेल पातळ करतं. इंजिन नीट तापलं की हे पेट्रोल आणि पाणी दोन्ही तेलातून उडून जातात. तापलंच नाही तर तिथेच मुरतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर तेलाच्या झाकणाची आतली बाजू बघा. बराच काळ ७१ च्या थर्मोस्टॅटवर आणि छोट्या छोट्या फेऱ्यांवर चाललेल्या इंजिनाचं झाकण उघडलं की आत पिवळट-पांढरी साय धरलेली दिसते. बोट फिरवलं तर लोण्यासारखी हाताला येते. रॉकर कव्हर काढलं तर त्याच्या कोपऱ्यांत तीच साय, आणि तिच्याखाली हेडवर काळा, चिखलासारखा गाळ. तेल परत खाली जाण्याची भोकं या गाळाने अर्धी बुजलेली मी बघितली आहेत. बरेच जण ही साय बघून हेड गॅस्केट गेलं असं धरून चालतात आणि हेड उतरवतात. रेडिएटरमधलं पाणी कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल, तर आधी थर्मोस्टॅट किती अंशांचा आहे आणि तो उघडाच अडकून तर बसला नाहीये ना, हे पाहायला हवं. योग्य थर्मोस्टॅट टाकून, तेल बदलून गाडी लांबवर चालवली की साय बहुतेक वेळा आपोआप नाहीशी होते.

मग ७१ चे थर्मोस्टॅट मुळात बनलेच का? त्याला एके काळी चोख कारण होतं. सुरुवातीच्या गाड्यांच्या रेडिएटरवर प्रेशर कॅप (पाणी दाबाखाली ठेवणारं झाकण) नसायची, पाणी साध्या वातावरणाच्या दाबाखाली असायचं. फोर्ड मॉडेल टीमध्ये तर सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर वॉटर पंपही नव्हता आणि थर्मोस्टॅटही नव्हता. गरम पाणी वर चढतं, थंड खाली उतरतं, एवढ्यावर सगळं चालायचं. थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्या काळात मद्यार्क मिसळायचे. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं, इथेनॉल ७८ ला. पाण्यात मिसळल्यावर उत्कलनबिंदू थोडा वर जातो, तरी इंजिन ८२ वर चालवलं तर मद्यार्क उडून जाणार हे ठरलेलं. म्हणून ७१ चा थर्मोस्टॅट. पुढे ग्लायकॉल हे सहज उडून न जाणारं अँटिफ्रीझ आलं, प्रेशर कॅप आली आणि ७१ चं मूळ कारणच उरलं नाही. राहिला तो नुसता आकडा.

१९६० आणि ७० च्या दशकांतल्या ब्रिटिश मॅन्युअलांत तीन-तीन आकडे दिसतात. एमजीबी आणि मिनी या दोन्हींच्या मॅन्युअलमध्ये नेहमीसाठी ८२, उष्ण प्रदेशासाठी ७४ आणि थंड प्रदेशासाठी ८८ अशी शिफारस आहे. तुमच्या गाडीत ८८ चा निघाला तो बहुधा असाच कोणीतरी थंड प्रदेशाचा म्हणून किंवा हाताशी होता म्हणून बसवलेला असणार. अमेरिकन गाड्यांत त्याच सुमारास उत्सर्जनाचे नियम आले आणि थर्मोस्टॅट ९१ अंशांपर्यंत चढले, कारण गरम इंजिनात पेट्रोल पुरतं जळतं. म्हणून जुन्या अमेरिकन इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये ९१ दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका.

‘उष्ण प्रदेशासाठी ७४’ हे वाचून मनात येईल की मग ७४ च का नको? कॅपचा दाब आणि कूलंट पाहून याचं उत्तर द्यायला हवं. साध्या पाण्यावर आणि ४ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच दाबाच्या) कॅपवर चालणाऱ्या गाडीत पाणी १०७ अंशांच्या आसपास उकळतं. ७ पीएसआयच्या कॅपवर १११ च्या आसपास, १३ च्या कॅपवर ११९ आणि १५ च्या कॅपवर १२१ ला. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल घेतलं तर कॅप नसतानाही ते १०७ पर्यंत उकळत नाही, आणि १५ पीएसआयची कॅप असेल तर जवळपास १२९ पर्यंत थांबतं. म्हणजे कॅप जितकी जास्त दाबाची तितकी थर्मोस्टॅटच्या आकड्याला मोकळीक जास्त. ७ किंवा त्याहून जास्त दाबाची कॅप, धडधाकट रेडिएटर आणि पाण्यात ग्लायकॉल असेल तर ८२ मध्ये उकळण्याचा धोका नाही. ७४ ची गरज पडते ती कमी दाबाची कॅप, नुसतं पाणी आणि सतत चढाचे रस्ते अशी तिन्ही कारणं एकत्र आली तर.

कॅप अजिबातच नसलेल्या युद्धपूर्व गाड्यांचं गणित वेगळं आहे, आणि तिथे मी स्वतः ७१ किंवा ७४ चाच आग्रह धरतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर वर गेलं की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. २००० मीटर उंचीच्या घाटात उघड्या रेडिएटरमधलं पाणी ९३ अंशांनाच उकळतं. तिथे ८८ चा थर्मोस्टॅट असेल तर त्याला पूर्ण उघडायला हवे १०० अंश, आणि पाणी त्याआधीच उकळून बाहेर! झडप अर्धवट उघडी असतानाच गाडी वाफ सोडायला लागते. ७१ चा असेल तर तो ८३ लाच पूर्ण उघडा असतो आणि दहा अंशांची जागा शिल्लक राहते. अशा गाडीला ७१ चा हाच योग्य आकडा.

या काळातल्या काही गाड्यांत मेणाऐवजी भात्याचे थर्मोस्टॅट असायचे. पितळेच्या घड्यांच्या डबीत लवकर वाफ होणारा द्रव, आणि तो फुगला की झडप उघडते. त्यांच्यावर पाण्याच्या दाबाचा परिणाम होतो. जास्त दाबाची कॅप लावली की ते उशिरा उघडतात. मेणाच्या थर्मोस्टॅटला दाबाचा फरक पडत नाही. तुमच्या गाडीत भात्याचा थर्मोस्टॅट असेल आणि कोणी कॅप बदललेली असेल, तर हेही तपासून घ्या. बाकी जुन्या रेडिएटरवर मॅन्युअलपेक्षा जास्त दाबाची कॅप चढवायचीच नाही. डाग दिलेले सांधे आणि हीटरची जाळी तो दाब झेलत नाहीत.

आता थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला. हा तर ७१ पेक्षाही वाईट. पण त्याच्या विरोधात जे कारण नेहमी सांगतात, ‘पाणी इतक्या जोरात पळतं की त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही’, ते खरं नाही. पाणी जोरात फिरलं की ते एकेका फेरीत कमी थंड होतं हे बरोबर, पण फेऱ्याही तितक्याच वाढतात. एकूण उष्णता कमी नाही, उलट थोडी जास्तच बाहेर पडते. नुकसान दुसरीकडून होतं. पहिलं म्हणजे थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे वॉटर पंप ब्लॉक आणि हेडमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. तो दाब गेला की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटभोवती, जिथे धातू सगळ्यात जास्त तापलेला असतो, तिथे पाण्याचे बुडबुडे लवकर धरायला लागतात. बुडबुड्यांनी झाकलेला धातू पाण्याला उष्णता देऊ शकत नाही. काट्यावर ७० दिसतं आणि हेडमध्ये एखादा कोपरा भाजत असतो.

दुसरं नुकसान बायपासचं. थर्मोस्टॅट बंद असताना पाणी इंजिनातच फिरत राहावं म्हणून एक छोटी वाट ठेवलेली असते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याच्याच खालची चकती किंवा बाही ही वाट बंद करते. जॅग्वारच्या जुन्या एक्सके इंजिनांत आणि एमजीएमध्ये अशीच रचना आहे. तिथे थर्मोस्टॅट काढला, किंवा बाही नसलेला साधा थर्मोस्टॅट बसवला, की गरम पाणी रेडिएटरची लांब वाट सोडून जवळच्या वाटेने परत ब्लॉकमध्ये शिरतं. परिणामी गाडी आधीपेक्षा जास्त तापते. अशी गाडी दुरुस्तीला आली की लोकांनी रेडिएटर बदललेला असतो, पंप बदललेला असतो, आणि खोट असते बाही नसलेल्या थर्मोस्टॅटमध्ये. म्हणून नवा घेताना नुसता व्यास आणि अंश जुळवू नका. जुना काढून शेजारी ठेवा आणि खालचा भागही जुळवा. रेसच्या इंजिनांत थर्मोस्टॅट काढतात खरा, पण त्या जागी मोजून भोक पाडलेली चकती किंवा बाही बसवतात, हे सल्ला देणारे सांगत नाहीत.

हवेवर थंड होणाऱ्या फोक्सवॅगन बीटलमध्येही थर्मोस्टॅट आहे, ६५ ते ७० अंशांचा, सिलिंडरांच्या खाली बसवलेला. तो पंख्याच्या हवेच्या झडपा उघडतो-मिटतो. ज्या इंजिनात पाण्याचा थेंब नाही, तिथेही बनवणाऱ्यांनी इंजिन लवकर तापावं याची सोय केलीये, यावरून ती किती गरजेची ते कळतं.

तर तुमच्या गाडीला ८२. मॅन्युअलपासून एक पायरी सरकायची मुभा मी कधी देतो तेही सांगतो. रोजच्या फेऱ्या अगदी छोट्या, हवा थंड आणि झाकणाखाली साय धरत असेल तर ८२ ऐवजी ८८ चालेल. उलट मॅन्युअलमध्ये ८८ असेल, कॉम्प्रेशन जास्त असेल आणि मिळणाऱ्या पेट्रोलवर चढाला इंजिन ठोकत असेल, तर ८२ करून बघायला हरकत नाही. थंड हेडमध्ये ठोकणं थोडं कमी होतं. पण आधी टायमिंग तपासा. ऑटोमॅटिक चोक पाण्यावर चालणारा असेल तर खाली जाऊ नका. पाणी पुरेसं तापलं नाही तर चोक पूर्ण सुटत नाही आणि गाडी पेट्रोल पीत राहते. १९८० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत तर आकड्याला हातच लावू नका. संगणक पाण्याच्या तापमानावरून इंजिन थंड आहे की गरम ते ठरवतो, आणि कमी अंशांचा थर्मोस्टॅट बसला की त्याला इंजिन कायम थंडच वाटतं. तो पेट्रोल वाढवून देतो. डिझेललाही तेच. ते गरम चालण्यासाठीच बनलेलं असतं.

आणि गाडी सुरू करून पार्किंगमध्ये सोडली तर पेट्रोलची नळी तापून गाडी बंद पडते, पुन्हा सुरू होत नाही, असं असेल तर त्यावर थंड थर्मोस्टॅट हा उपाय नाही. ती उष्णता एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडून येते. कार्बोरेटरखालचं उष्णतारोधक पॅकिंग आणि पत्र्याचा आडोसा जागेवर आहे का ते बघा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हा त्रास जास्त होतो.

नवा थर्मोस्टॅट आणला की बसवण्याआधी तपासा. नवाही खराब निघू शकतो. एका भांड्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगा की तो तळाला किंवा कडेला टेकणार नाही, आणि शेजारी थर्मामीटर. तोही तळाला टेकता कामा नये, कारण तळ पाण्यापेक्षा गरम असतो. मंद आचेवर पाणी ढवळत राहा. एक सोपी युक्ती: दोरा झडपेच्या फटीत धरून त्यावर थर्मोस्टॅट लटकवा. झडप किंचित उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो. त्या क्षणाचं तापमान म्हणजे उघडण्याची सुरुवात. छापलेल्या आकड्यापासून दोन अंश इकडे-तिकडे चालतं. त्यानंतर पाणी उकळेपर्यंत जाऊ द्या आणि झडप किती उघडते ते मोजा. ८ मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त उघडली पाहिजे. शेवटी बाहेर काढून थंड होऊ द्या. झडप पूर्ण बसते की फट राहते तेही बघा. जुन्या ८८ च्या थर्मोस्टॅटचीही हीच परीक्षा घ्या. तो ९५ ला उघडायला सुरुवात करत असेल किंवा अर्धाच उघडत असेल, तर तुमच्या तापण्याचं एक कारण तिथेच सापडलं. मग दोष ८८ या आकड्याचा नाही, मेण निकामी झाल्याचा आहे.

बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला. उलटा बसला तर डबीला गरम पाणी लागतच नाही आणि गाडी काही मिनिटांत उकळते. कडेला छोटी हलती पिन असेल तर ती सगळ्यात वर येऊ द्या. हवा तिथून निघते. पिन नसेल तर कडेला ३ मिलिमीटरचं एक भोक पाडलं तरी काम होतं. हाउसिंगचं तोंड सपाट आहे का ते पट्टीने बघा. जुन्या अॅल्युमिनियमच्या हाउसिंगला क्षार खाऊन खड्डे पडलेले असतात. पाणी भरताना हीटरचा कॉक उघडा ठेवा आणि गाडीचं तोंड जरा चढावर असू द्या. हवा अडकून राहिली तर नव्या थर्मोस्टॅटवरही गाडी तापते आणि बिचाऱ्या थर्मोस्टॅटला दोष लागतो.

आता वाहतुकीतल्या काट्याकडे येऊ. आधी काटा खरं बोलतोय का ते बघा. तुमच्या गाडीच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत तापमानाचा आणि पेट्रोलचा काटा एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतो. तो दोघांना सरासरी १० व्होल्ट देतो. त्याचं अर्थिंग सैल झालं की दोन्ही काटे जास्त दाखवतात. टाकी अर्धी असून पेट्रोलचा काटाही वर दिसत असेल, तर इंजिन तापतच नाहीये. खात्रीसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅट हाउसिंगवर धरा, पण आधी तिथे काळी चिकटपट्टी लावा. चकचकीत धातूवर हे यंत्र कमी दाखवतं.

खरंच तापत असेल तर केव्हा तापते ते महत्त्वाचं. उभं असताना तापते आणि धावायला लागल्यावर उतरते, म्हणजे हवा कमी पडतेय. पंख्याचा पट्टा सैल, पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर गायब, रेडिएटरच्या पाकळ्यांत माती आणि किडे भरलेले, किंवा निष्क्रिय गतीला टायमिंग फार मागे. तुमचं वर्णन याच प्रकारात बसतं. इलेक्ट्रिक पंखा असेल तर त्याचा स्विच किती अंशांना लागतो ते बघा. पंखा ९५ ला सुरू होत असेल तर थर्मोस्टॅट ७१ चा असो की ८२ चा, वाहतुकीत पाणी ९५ पर्यंत जाणारच. उलट स्विच थर्मोस्टॅटपेक्षा खालच्या अंशांचा असेल तर पंखा अखंड फिरत राहतो.

वेगात तापते आणि हळू चालवली की उतरते, म्हणजे पाणी फिरत नाहीये किंवा रेडिएटरच्या नळ्या बुजल्यात. इंजिन गरम असताना रेडिएटरच्या जाळीवर तेच थर्मामीटर फिरवा. मधले थंड पट्टे म्हणजे बुजलेल्या नळ्या. खालचा होज वेगात आत चिंबतो का तेही बघा. त्यातली स्प्रिंग गंजून गेली की तो चिंबतो. व्हॅक्युम अॅडव्हान्सचा (ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेचा) पडदा फाटला असेल तरी गाडी तापते, कारण उशिरा पेटलेला वायू एक्झॉस्टमध्ये जळतो आणि ती उष्णता हेडच्या पाण्यात उतरते.

सगळं तपासूनही तापत असेल तर ब्लॉकचा ड्रेन प्लग काढा. पाणी धो धो यायला हवं. आलंच नाही तर आत वायर घालून ढवळा. लाल-तपकिरी गाळ बाहेर पडायला लागेल, आधी चिखलासारखा, मग पाण्यासोबत. हा बिडाचा गंज वर्षानुवर्षं मागच्या सिलिंडरभोवती साठत राहतो, कारण तिथे पाणी सगळ्यात मंद फिरतं. रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंप नवे असूनही तापणाऱ्या बिडाच्या इंजिनांत मला हेच सगळ्यात जास्त वेळा सापडतं. थर्मोस्टॅट काढलेला असताना पाण्याचा पाइप त्याच्या तोंडाला लावून, ड्रेन प्लगमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत उलट धुवा. पाइप एकदम जोरात सोडू नका, आणि रेडिएटर वेगळा धुवा, नाहीतर ब्लॉकमधला गाळ त्याच्या नळ्यांत जाऊन बसेल. धुऊन झालं की निम्मं ग्लायकॉल, निम्मं स्वच्छ पाणी भरा. ग्लायकॉल निम्म्याहून जास्त नको, ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. पण अजिबात वगळूही नका. हवा कधीच गोठणारी नसली तरी गंज थांबवणारी रसायनं त्यातच असतात.

तुम्ही करायचा क्रम असा ठेवा: जुना थर्मोस्टॅट भांड्यात तपासा, ब्लॉक धुवा, पट्टा, घेर आणि टायमिंग बघा, आणि शेवटी ८२ चा बसवून पाणी भरा. पहिल्या फेरीत हाउसिंगवरचं तापमान तीन वेळा लिहून ठेवा: मोकळ्या रस्त्यावर, चढाला आणि दहा मिनिटं उभं राहिल्यावर. मोकळ्या रस्त्यावर ८५ ते ९० आलं तर थर्मोस्टॅट त्याचं काम बरोबर करतोय. उभं राहिल्यावरचा आकडा १०० च्या आत थांबला तर काही करायचं राहिलेलं नाही. तो चढतच राहिला तर ते तीन आकडे, कॅपवर छापलेला दाब आणि गाडीचं मॉडेल कळवा, तिथून पुढे बघू.